केसभर फट

आमच्या तळघरात कुलपाच्या कपाटात दोन रायफली शेजारी शेजारी उभ्या असतात. एक मी दुकानातून घेतलेली, दुसरी मला शेजाऱ्यांनी दिलेली. लांबून बघणाऱ्याला जुळ्या वाटाव्यात. दोन्हींना चापाभोवती लोखंडी कडं आहे, म्हणजे लिव्हर. ती खाली ढकलून वर ओढली की जुनं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. एक सव्वाशे वर्षं जुनी आहे. दुसरी तिची नक्कल, वय वर्षं चार.

आधीच सांगून टाकतो. त्या दसऱ्याला आमच्या हॉलमध्ये माझी आई गेली असती, आणि ती माझ्या हातून गेली असती. म्हातारपणाने नाही, आजाराने नाही. मी अतिशहाणा आहे म्हणून.

मी मेकॅनिकल इंजिनियर. पुण्यात शिकलो, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, बावीस वर्षं झाली. ऑफिसात माझं काम लोकांनी बनवलेल्या भागांतल्या चुका काढण्याचं. घरीही तेच करतो, असं बायको म्हणते. दाराची बिजागरी, डिशवॉशरचा रॅक, लोकांच्या कारचे पॅनेल, कुठेही एक मिलिमीटर इकडचा तिकडे झालेला मला बघवत नाही. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने मला एका क्लबात नेलं. तिथे पोट सुटलेली माणसं रुंद हॅट घालून, जुन्या काळचे कपडे करून लोखंडी थाळ्यांवर नेम धरतात. मी हसायला गेलो आणि नक्कल विकत घेऊन आलो. त्या लिव्हरचा आवाजच असा आहे की चांगल्या यंत्रावर प्रेम करणारा माणूस तिथेच संपतो.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने खोक्याकडे बघितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिच्या शाळेत वर्षातून दोन-तीनदा दिवे घालवून, दाराला कडी लावून, पोरांना भिंतीशी गप्प बसायची तालीम देतात. पहिलीत असताना ती मला म्हणाली होती, "बाबा, आम्ही आज क्वाएट माउस खेळलो." मला कौतुक वाटलं होतं. तो खेळ शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता पूजेचं सांगतो. माझे वडील चंद्रपूरकडच्या एका जंगलकाठच्या गावाचे पोलीस पाटील होते. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. दसऱ्याला ती पाटावर यायची, शेजारी विळा, कुऱ्हाड, आईची कात्री, माझी कंपासपेटी. आणि बंदुकीत एक काडतूस असायचं. रिकामं भांडं परत करू नये, रिकामा पाळणा हलवू नये, तसं आमच्याकडे रिकामं शस्त्र पुजू नये. वडील गेले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. पण इथे माझी रायफल आल्याचं आईला फोनवर कळलं, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "दसऱ्याला पूजा करशील ना? आणि रिकामी ठेवू नकोस बरं."

मी ठेवली नाही. तीन वर्षं नकलेत एक काडतूस भरलं, लिव्हर मारून ते नळीत सरकवलं, आणि मागचा घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली आणला. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर हातोडीसारखा पुढे पडून काडतुसामागच्या पिनला ठोकतो तो भाग. तो उभा असला की शस्त्र रागावल्यासारखं दिसतं, खाली असला की निजल्यासारखं. पूजेत निजलेलं बरं. तीन वर्षं काही झालं नाही, आणि जे तीनदा झालं नाही ते होतच नाही अशी माझी खात्री पटली.

जुनी रायफल आली ती चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात. आमच्या उजव्या हाताला राहणारे म्हातारे गृहस्थ वृद्धाश्रमात जायची तयारी करत होते. बर्फ उपसणारं यंत्र कसं वापरायचं हे मला पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या मुलांना रायफल नको होती. त्यांच्या आजोबांची ती. रीतसर कागद करून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझ्या नव्या रायफलीसारखी नाही. एकदा बसू, मी तुला दाखवतो."

"आय नो, आय नो," मी म्हणालो.

"घोड्याचं जरा..."

"मी वाचलंय सगळं."

ते हसले आणि त्यांनी विषय सोडला. इथल्या माणसांना आग्रह करणं प्रशस्त वाटत नाही. आपल्याकडच्या एखाद्या काकांनी माझा कान धरून बसवलं असतं.

पुढचे तीन आठवडे मी दोन्ही रायफली टेबलावर आडव्या टाकून मापं घ्यायला व्हर्नियर घेऊन बसत असे. फरकांची यादी केली. जुनीचं पोलाद मऊ, नवीचं कडक. जुनीत घोड्याला रेटणारी स्प्रिंग चपट्या पट्टीची, नवीत वेटोळ्याची. जुनीचं लाकूड लोखंडाला असं भिडलेलं की नख जाणार नाही, नवीत कागद जाईल. नवीच्या दस्त्यावर मागे एक सरकतं बटण, सेफ्टीचं. जुनीत असलं काही नाही. कंपनीने ते खटल्यांच्या भीतीने बसवलं म्हणून क्लबातली मंडळी त्याला वकिलांचं बटण म्हणतात, मीही म्हणायला लागलो. आणि यादीत शेवटी मी जे लिहिलं ते मला शब्दशः आठवतं: "नवीत घोडा खाली आणला तरी पिनला टेकत नाही, केसभर फट राहते. फिटिंग ढिलं. जुनीत घोडा पिनवर नेमका टेकतो. काय काम आहे!"

नुसतं लिहिलं नाही, मराठी मंडळाच्या गणपतीत चार जणांना धरून ऐकवलंही. जुनं ते सोनं, वगैरे. ऐकणाऱ्यांपैकी एक जण नागपूरचा, नुकताच नोकरीवर आलेला. तो म्हणाला, "यार, तुम्ही यावर टॉक द्या." मी खूश झालो.

आई ऑगस्टमध्ये आली होती, सहा महिन्यांसाठी. आमचा दसरा इथल्या रीतीप्रमाणे रविवारी होता. परसातल्या रेडबडच्या झाडाची पानं थोडीफार आपट्यासारखी दिसतात, ती बायकोने तोडून ठेवली होती. तीन कुटुंबं जेवायला येणार होती, आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं, कारण मान त्यांच्या आजोबांच्या रायफलीचा. सकाळी मी हॉलमधल्या बैठ्या टेबलावर पाट मांडला, तांदळाची रास केली, जुनी रायफल आडवी ठेवली. आईने विचारलं, "रिकामी नाही ना?" मी म्हणालो, "नाही गं. तीनदा केलंय."

काडतूस भरून झालं होतं. घोडा खाली आणताना अंगठ्याखाली जुनं लोखंड जरा निसटतं वाटलं, धार झिजलेली होती. पण तो टेकला. नेमका टेकला. मला बरं वाटलं.

आईची खुर्ची खिडकीपाशी होती, नळीच्या बरोबर समोर, आठ फुटांवर. तिथून तिला ऊन मिळतं आणि पूजाही दिसते. मीच ठेवली होती.

मुलगी खाली आली. आता ती सोळा वर्षांची. साडी तिने आजीच्या हौसेखातर नेसली होती. पाटाकडे बघून ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

"बाबा, इज इट लोडेड?"

"नाही," मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो त्याचा मी फार विचार केला आहे. माझ्या मनात ते खोटं नव्हतंच. भरलेली बंदूक म्हणजे मारायला भरलेली. ही पूजेला भरलेली. देवापुढच्या पेढ्याला कोणी जेवण म्हणतं का? आणि खरं सांगायचं तर तिच्याशी वाद नको होता. खरं सांगितलं असतं तर ती वर गेली असती, बायको चिडली असती, आईचा हिरमोड झाला असता.

थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरातून आलो तर ती आजीची खुर्ची, आजीला उठवून, फरफटत जेवणाच्या टेबलाकडे नेत होती.

"हे काय चाललंय?"

"आजीला तिथे ऊन लागतंय."

"तिला ऊन हवंच असतं!"

"आय लाइक हर हियर," ती म्हणाली, आणि खिडकीपाशी रिकाम्या झालेल्या जागेत तिने पितळी समई आणि फुलांच्या दोन परड्या अशा मांडल्या की कुणाला तिथे उभं राहता येऊ नये. मला राग आला. चांगली मांडणी बिघडवली. पण पाहुण्यांची गाडी दारात आली होती, म्हणून मी तोंड मिटलं.

पूजा झाली. एकेकाने हळदकुंकू वाहिलं. कुणी नळीवर, कुणी दस्त्यावर, आणि एका काकूंनी बरोबर घोड्यावर बोट टेकवून दाबून कुंकू लावलं. आईने मोठा नारळ तांदळाच्या राशीवर ठेवला होता. आरतीच्या वेळी तिने तबक ठेवायला पाट जरासा ओढला, तसा नारळ घरंगळला आणि घोड्यावर आपटला. टक्. फार मोठा नाही, दारावर एक बोट वाजवावं तेवढा आवाज.

सगळे हसले. "देवीला नारळ फोडायची घाई झालीये," कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. मुलगी हसली नाही. ती आजीच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

शेजारी बाराच्या सुमारास आले. सपाट जागीही काठी टेकत चालतात. त्यांनी आईला हात जोडले, बुटांच्या रांगेत स्वतःचे बूट नीट लावले, आणि आजोबांची रायफल फुलांत बघून त्यांचे डोळे भरून आले. मग ते वाकले. कुंकू लावलेल्या घोड्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"रिकामी आहे ना?" त्यांनी इंग्रजीत, अगदी हलक्या आवाजात विचारलं.

त्यांच्याशी खोटं बोलायचं कारण नव्हतं. मी कौतुकाने आमचा रिवाज सांगितला. एक काडतूस, शुभ म्हणून.

त्यांचा चेहरा बदलला असं म्हणता येणार नाही. तो थांबला. सरळ होऊन ते मोठ्याने आणि छान हसत सगळ्यांना म्हणाले, "मागच्या तळ्यावर कॅनडाचे रानहंस उतरलेत, शेकड्यांनी. मुलांना दाखवा. सगळे जा, लगेच जा." मंडळी उठली. पोरं धावली. ते आईला म्हणाले, "यू टू, मॅम," आणि मुलीने आजीचा हात धरून तिला मागच्या दाराने बाहेर नेलं. दार बंद झाल्यावर त्यांनी माझ्या दंडाला धरलं. त्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नळीच्या पुढे येऊ नकोस," ते म्हणाले. "आणि घोड्याला हात लावू नकोस. मी करतो."

त्यांनी रायफल पाटासकट खिडकीकडून वळवली, भिंतीतल्या दगडी शेकोटीकडे. मग ती उचलली, दिशा न हलवता, झोपलेलं मूल उचलावं तशी. लिव्हर इंच इंच करत उघडली. काडतूस बाहेर आलं आणि तांदळात पडलं. त्यांनी करंगळी नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या तोंडात घालून आत फिरवली, मग मला म्हणाले, "तू पण." मी घातली.

काडतुसाच्या बुडाशी मधोमध पितळी टिकलीएवढी टोपी असते. पिन तिथेच आपटते. त्या टोपीवर एक खळगा पडला होता. तांदळाचा दाणा उभा टोचावा एवढाच.

"तुझी नवी आण," ते म्हणाले.

मी तळघरातून नक्कल आणली. त्यांनी दोन्हींचे घोडे खाली करून दाखवले. नव्या रायफलीत घोडा पिनवर आपटला की स्प्रिंगच्या जोराने केसभर मागे येऊन थांबतो आणि तिथेच अडतो. त्याच्यावर वरून काही पडलं तरी तो पिनपर्यंत पोचत नाही. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. जुनीत घोडा पिनवर टेकलेला, पिन टोपीवर टेकलेली, टोपीत दारू. मध्ये काहीच नाही. वरून बसलेला प्रत्येक धक्का सरळ आत जातो. आजोबांच्या काळात माणसं घोडा अर्ध्यावरच्या खाचेत अडकवत, तेवढीच काय ती सेफ्टी. आणि या रायफलीची ती खाच, ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळीच झिजली होती. म्हणून त्यांच्या घरात ही कधी भरून ठेवलेली नाही.

"मी हेच सांगणार होतो," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी सोफ्यावर बसलो आणि माझी यादी मला आठवली. फिटिंग ढिलं. बावीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या मला, माणसं जिवंत राहावीत म्हणून कुणीतरी ठेवलेली फट दिसली आणि मी ती चूक म्हणून लिहून ठेवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर रिकामाही नव्हता.

नक्कल मी कपाटात परत ठेवली, जुनी रिकामी पाटावर. पाहुणे आले, जेवणं झाली, श्रीखंड वाढलं गेलं. शेजाऱ्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी दोनदा पुरी मागून घेतली. आई सोनं म्हणून रेडबडची पानं वाटत होती आणि प्रत्येकाला सांगत होती की आमच्याकडे ही रीत किती जुनी आहे. मी तिच्याशेजारी बसून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, बाबा पूजेला बंदुकीचा घोडा कसा ठेवायचे गं?"

"घोडा?" ती म्हणाली. "बंदूक मिटलेली कुठे असायची? मधे मोडून उघडी ठेवायचे. आतलं काडतूस सगळ्यांना दिसायचं. मिटवायला हात लावला तर केवढे ओरडायचे! तुला आठवत नाही?"

मला आठवलं. कोन करून पडलेली बंदूक, नळीच्या मागच्या तोंडातून दिसणारी पितळेची चकती, आणि त्या चकतीवर वडिलांनी करंगळीने लावलेलं कुंकू. मी काडतूस तेवढं लक्षात ठेवलं होतं.

तीनच्या सुमारास सगळे गेले. मी हॉलमध्ये एकटा उभा होतो. शेकोटीकडे वळवलेला पाट मी पुन्हा सकाळसारखा खिडकीकडे केला आणि नळीच्या रोखाने बघत गेलो. फुलांच्या परड्यांपलीकडे गालिचावर खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे होते. आई तिथे बसली की तिच्या पोटाची उंची येते. मी खाली बसलो आणि ते खळगे हाताने चोळत राहिलो. गालिचाचे केस वर येईनात.

मुलगी स्वयंपाकघरात साडीचा पदर खोचून ताम्हन घासत होती. मी जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो.

"त्यात एक काडतूस होतं," मी म्हणालो.

तिने नळ बंद केला नाही. "आय नो."

"कसं कळलं?"

"तू 'नाही' फार पटकन म्हणालास, बाबा."

मी सॉरी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो आणि मग मराठीत जे म्हणता येईल ते म्हणालो. वाकून पाया पडायची वेळ आपली असते आणि समोर आपलंच मूल असतं, तेव्हा काय करायचं हे कोणी शिकवलेलं नाही. तिने ताम्हन उपडं घातलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "इज इट लोडेड नाऊ?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी मी सावकाश उत्तर दिलं. तिच्याकडे बघत, एकेक अक्षर उच्चारून, आणि शेजाऱ्यांनी लिव्हर सावकाश उघडून आत करंगळी फिरवून कसं बघितलं तेही सांगितलं.

तिने हात पुसले आणि तळवा माझ्यासमोर धरला. "कपाटाची किल्ली दे."

मी दिली. ती हॉलमध्ये जाऊन पाटावरची रायफल घेऊन तळघरात उतरली. मी जिन्याच्या वर उभा राहून ऐकत होतो. कुलूप उघडलं. एक लिव्हर खाली गेली, इंच इंच करत. मग दुसरी. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मला कळलं की ती दोन्ही नळ्यांत आपली करंगळी घालून बघते आहे.